उलटे आटे

सायकल घोड्यावर लावायची, पेडल उलटं फिरवायचं आणि किर्रर्र आवाज ऐकत बसायचं, हा उद्योग आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. चेन पडेल म्हणून घरच्यांचा ओरडाही खाल्लेला असतो. तो आवाज फ्रीव्हीलचा. मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या खिट्ट्या असतात. पेडल पुढे मारलं की त्या आतल्या दात्यांत अडकतात आणि चाकाला ओढतात. पाय थांबवला की त्या दात्यांवरून घसरत राहतात, आणि चाक आपलं आपण पळत राहतं. उतारावर पाय सोडून वारा खात जाण्याची सगळी चैन या दोन-चार खिट्ट्यांच्या जिवावर चालते.

फिक्सी म्हणजे या खिट्ट्याच नसलेली सायकल. तिची मागची चकती हबवर थेट आवळलेली असते. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर पाय फिरणार. पायांना विश्रांती हवी असेल तर सायकल थांबवायची, आणि ती थांबवायची तर त्याच पायांनी चाकाला मागे रेटायचं. लहान मुलांच्या तीनचाकीचं पुढचं चाक असंच असतं. उतारावर तिने वेग घेतला की पोरं घाबरून दोन्ही पाय हवेत उचलतात, ते म्हणूनच. फिक्सीवर तीही सोय नाही, कारण पाय पेडलला पट्ट्यांनी बांधलेले असतात.

हे नवं खूळ वाटतं, पण आहे जुनंच. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल काढली. दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आजच्या सायकलची आजीच. ती फिक्स होती. फ्रीव्हील सर्रास दिसू लागलं ते एकोणिसावं शतक संपता संपता. १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू झाली, तरी गिअर बदलण्याची यंत्रणा वापरायला त्या शर्यतीत परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये. तोवर शर्यतवीर मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या लावत. डोंगराच्या पायथ्याशी खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटून बसवायचं, की झाला गिअर बदलून. दोन्ही बाजूंनी चालणारं ते हब आजही मिळतं. एका बाजूला फिक्स चकती, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. त्याला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात, आणि पुढे ते आपल्या फार कामाला येणार आहे.

रस्त्यावरून हद्दपार झालेली फिक्सी ट्रॅकवर मात्र टिकली. तिरप्या भिंतींच्या त्या वाटोळ्या मैदानात ब्रेक नसलेल्या फिक्स सायकलीच पळतात. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे केरिन शर्यती सुरू झाल्या. युद्धात होरपळलेल्या गावांना पैसा उभा करायचा होता, म्हणून घोड्यांच्या शर्यतीसारखा सायकलींवर अधिकृत सट्टा. सट्टा आला की संशय आलाच. कुणी चोरून हलकी फ्रेम वापरली, कुणाचं हब जास्त गुळगुळीत, अशा तक्रारींना जागाच राहू नये म्हणून फ्रेमपासून नट-बोल्टपर्यंत प्रत्येक भागाला एनजेएस नावाचा शिक्का लागतो. पुरुषांच्या शर्यतीत फ्रेमही पोलादाचीच लागते. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहत नाही, पण २०१८ मध्ये ज्युनियर जागतिक स्पर्धेत केरिनचं रौप्यपदक अंदमानच्या एसो अल्बेनने मिळवलं होतं.

ट्रॅकवरची ही सायकल शहरात आणली न्यूयॉर्कच्या कुरिअरवाल्यांनी. दिवसभर गर्दीतून पाकिटं पोचवायची, तर मोडायला आणि चोरायला जितके भाग कमी तितकं बरं. त्यांच्यातलाच एक नेल्सन व्हेल्स १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर रौप्यपदक घेऊन आला. पुढे कुरिअरवाल्यांचं बघून कॉलेजची पोरं, पोरांचं बघून दुकानदार, असं करत फिक्सी ही फॅशन झाली आणि तिच्याबरोबर एक प्रश्न आला: तयार घ्यावी की जुळवावी?

माझी पहिली फिक्सी मी जुळवली, दुसरी तयार घेतली. क्रम उलटा हवा होता.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे एका पथारीवर, नळाच्या तोट्या आणि पंख्याच्या पात्यांच्या मधोमध, एका जुन्या 'रेसर'ची फ्रेम पडलेली दिसली. रंग उडालेला, पण नळ्या सरळ. घासाघीस करून घेतली. रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणताना डोक्यात एकच हिशेब होता: फ्रेम इतकी स्वस्त, तर उरलेलं असून असून किती असणार? हा हिशेब जुळवणारे सगळे करतात आणि सगळ्यांचा चुकतो. सायकलची किंमत फ्रेममध्ये फार कमी असते. दोन चाकं, क्रँक, चेनव्हील, बीबी (म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो तो बॉटम ब्रॅकेट), हेडसेट, ब्रेक, टायर, सीट आणि पट्टीची पेडलं, हे एकेक सुटं घेतलं की प्रत्येक ठिकाणी किरकोळ भाव मोजावा लागतो. कारखाना तेच हजारांनी घेतो. माझं एकट्या मागच्या चाकात फ्रेमच्या तिप्पट गेलं, तेही शहाणपण सुचल्यावर. आधी जे केलं ते वेगळंच.

आमच्या कोपऱ्यावर एक सायकल दुरुस्तीवाले काका आहेत. चाकाचा आऊट काढावा तर त्यांनीच. चाक फिरवत ठेवून ब्रेकच्या रबराशेजारी खडू धरतात, जिथे खडू लागेल तिथल्या स्पोकला चावीचा पाव फेरा, पुन्हा फिरवतात. मी फ्रेम घेऊन गेलो आणि सांगितलं, फ्रीव्हील नको, नुसती चकती बसवायची आहे.

"म्हणजे पाय थांबवलास तर?"

"थांबत नाहीत, काका."

"मग उतरणार कसा?" त्यांनी फ्रेमकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "घरी विचारलंयस का?"

फिक्सीची चकती स्वतंत्र ट्रॅक हबवर बसते, हे मला वाचून ठाऊक होतं. ते हब महाग होतं आणि आमच्याकडे नव्हतं. साधं फ्रीव्हीलचं हब होतं. चकती हातात होती. आटे जुळतात का म्हणून सहज फिरवून पाहिली, तर सुरेख बसली. दोन्हींचे आटे जवळजवळ एकाच मापाचे असतात, हाच तो सापळा. काका म्हणाले, "बसतंय की!" मी म्हणालो, "आवळा घट्ट." त्यांनी आवळली. पुढचा ब्रेक मात्र त्यांनी माझं न ऐकता लावला.

तीन आठवडे ती छान चालली. मग एका सकाळी चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना वेग जरा वाढला म्हणून पाय मागे रेटले, आणि पाय एकदम मोकळे झाले. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली जमीनच नसावी, तसं झालं. पुढच्या ब्रेकने सायकल कशीबशी कडेला घेतली. खाली वाकून पाहिलं, तर चकती आट्यांवरून अर्धी बाहेर आलेली.

काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. चकतीचे आटे सुलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की आवळणारे. पेडल पुढे मारताना चेन तिला त्याच दिशेने ओढते, त्यामुळे ती चालवता चालवता अधिकाधिक घट्ट बसते. फ्रीव्हील म्हणूनच नुसतं आट्यांवर राहतं; त्याला मागे रेटताच येत नाही. फिक्सीवर मात्र थांबायला आपण मागे रेटतो, आणि दर वेळी चकती सैल करण्याचा प्रयत्न करत असतो. ट्रॅक हबवर यासाठी चकतीच्या बाहेर आणखी एक कडी असते, लॉकरिंग. तिचे आटे उलटे. चकती सुटण्याच्या दिशेला फिरायला लागली की लॉकरिंगला घेऊन फिरू पाहते, आणि त्या दिशेला लॉकरिंग आवळतं. सुटू पाहणारी गोष्टच कुलूप लावते. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "डाव्या पेडलसारखं." अगदी तसंच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे सायकलवाल्याच्या हाताखालचं पोरही पहिल्या आठवड्यात शिकतं. इतकी वर्षं ते ठाऊक असूनही आम्हा दोघांना हे सुचलं नाही.

तेव्हा जुळवायचीच असेल, तर खरेदी मागच्या हबपासून सुरू करा. लॉकरिंगची पायरी असलेलं खरं ट्रॅक हब मिळालं तर पुढे जा. नाही मिळालं तर थांबा. साध्या हबवर चकती बसवून तिला गोंद लावणारे, वेल्डिंग करणारे, बीबीची कडी लॉकरिंग म्हणून वापरणारे लोक आहेत, आणि त्यांतल्या काहींचं काही बिघडलेलं नाही. इंग्रजीत या जुगाडाला आत्महत्येचं हब म्हणतात.

हबनंतर फ्रेम. तिचा रंग, तिच्यावरचं नाव, नळ्या कशा जोडल्या आहेत हे सगळं नंतर पाहा. आधी खाली बसून मागच्या चाकाचा आस जिथे अडकतो ती खाच पाहा. खाच आडवी असेल तर काम होईल. उभी असेल तर ती फ्रेम फिक्सीसाठी नाही. कारण साधं आहे: चेन ताणायची तर चाक मागे-पुढे सरकवता यायला हवं, आणि उभ्या खाचेत ते सरकत नाही. चेनचा एक टप्पा अर्ध्या इंचाचा. त्याहून बारीक फरक कड्या काढून-घालून साधत नाही. गिअरच्या सायकलीत स्प्रिंगचा हात लोंबणारी चेन ओढून धरतो. तोच का लावू नये, असं प्रत्येकाला वाटतं. पण पाय मागे रेटले की चेनचा ताण वरच्या पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात जातो, नेमका त्या स्प्रिंगवर. स्प्रिंग वाकते, चेन सुटते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गिअरच्या सायकलींची खाच उभीच असते. मुलाची पडून राहिलेली गिअरची सायकल फिक्सी करू, हा बेत शंभरातल्या नव्वदांचा असतो, आणि तो या बोटभर खाचेत संपतो.

मग घरातली आजोबांची काळी सायकल? तिची खाच आडवी असते, नळ्या लोखंडी, आणि भावना तर विचारूच नका. पण तिचं वजन वीस किलोच्या आसपास, क्रँक कॉटर पिनचे, आणि चाक २८ इंची. त्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. ट्रॅक हबची तयार चाकं मिळतात ती ६२२ मिलिमीटरची. चाक बदललं की सळईचे ब्रेक रिमला लागतच नाहीत, आणि पुढच्या फोर्कला दुसरा ब्रेक बसवायला भोक असेलच असं नाही. शिवाय चाक लहान झालं की बीबी खाली येते. वळणावर आपण सवयीने आतल्या बाजूचं पेडल वर धरतो. फिक्सीवर ते धरता येत नाही, ते फिरतच राहतं आणि रस्त्याला घासतं. आजोबांची सायकल तेलपाणी करून आहे तशी चालवावी, हे माझं मत.

खाच जमली तर रुंदी मोजायची. ट्रॅक हबला १२० मिलिमीटरची जागा लागते. जुन्या रेसरमध्ये १२० किंवा १२६ असते, नंतरच्या गिअरच्या सायकलींत १३० किंवा १३५. सहा मिलिमीटरचा फरक दोन्हीकडे वॉशर घालून भागतो. पोलादी फ्रेम थोडी आत ओढतातही. ॲल्युमिनियमला हे करायला जाऊ नये, ते वाकत नाही, तडकतं. मग चेनची रेघ. पुढचं चेनव्हील आणि मागची चकती एकाच सरळ रेषेत हवीत. मागे उकिडवं बसून एक डोळा मिटून पाहिलं तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक कळतो. साध्या सायकलवर तिरकी चेन नुसती कुरकुरते. फिक्सीवर चेन पडली तर पायांचा ब्रेक तरी जातो, नाहीतर चेन चकतीत अडकून चाक तरी जागच्या जागी थिजतं. चेन ओढून पाहिली की मधोमध साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. वीणेच्या तारेसारखी ताणायची नाही, बेअरिंगं खाते.

या खटाटोपात एकच भाग मला मनापासून आवडला, तो म्हणजे मागचं चाक. गिअरच्या चाकात उजवीकडे चकत्यांचा जुडगा असतो, म्हणून हब मध्यावर राहत नाही. उजवे स्पोक ताठ उभे, डावे तिरके, ताण असमान. ट्रॅक हबचे दोन्ही कान मध्यापासून सारख्याच अंतरावर. काकांनी ते चाक विणलं, आऊट काढला, बोटांनी स्पोक छेडत गेले, आणि दोन्ही बाजूंचा सूर एकच लागला. "असं चाक कित्येक वर्षांत बांधलं नव्हतं," एवढंच बोलले. पैसे मजुरीचेच घेतले.

आता दाते. ही निवड जुळवणाऱ्यालाही करावी लागते आणि घेणाऱ्यालाही. पुढे ४६ दाते, मागे १६, हा तयार फिक्सीवरचा नेहमीचा मेळ. पेडलच्या एका फेऱ्यात चाक २.८७५ वेळा फिरतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर सायकल सहा मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी २१-२२ किलोमीटर. सपाटीला झकास. पण पुण्यासारख्या चढ-उताराच्या गावात, दर सिग्नलला शून्यापासून सुरुवात करायची असेल, तर मागे १८ दाते बरे. गुडघे दुवा देतात. त्याची किंमत उतारावर मोजावी लागते. ताशी ४५ च्या वेगाने उतरताना १६ दात्यांवर पाय मिनिटाला १२४ फेरे मारतात, १८ वर १४०. एकदा घरात पंखा बंद करून, घड्याळ लावून, खुर्चीत बसल्या बसल्या मिनिटाला १४० वेळा पाय फिरवून पाहा. घाट उतरायला फिक्सी कुणी का नेत नाही ते कळेल.

दात्यांत आणखी एक गंमत आहे. पाय अडवून चाक घसरवत थांबताना क्रँक दर वेळी आडवेच असतात, त्यामुळे टायर ठरावीक जागीच झिजतो. ४८ ला १६ असेल तर पूर्ण भाग जातो, आणि एकच पाय पुढे ठेवत गेलात तर दर वेळी टायरची तीच एक जागा रस्त्याला घासते. महिन्याभरात तिथे कापड दिसू लागेल. ४६ ला १६ केलं तर जागा आठ होतात, ४८ ला १७ केलं तर सतरा. शाळेत अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायला शिकवतात, त्याचा संसारात मला झालेला हा पहिला उपयोग.

ब्रेकबद्दल मात्र गंमत नको. पायांनी थांबवता येतं म्हणून ब्रेकच नको, नुसती स्वच्छ सायकल छान दिसते, असं म्हणणारे भेटतील. थांबताना वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं पडतं. ते पायांनी कितीही अडवलं तरी पुढच्या ब्रेकची सर येत नाही. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीच्या धडकेत रस्ता ओलांडणारी एक बाई दगावली. ब्रिटनच्या नियमांनुसार रस्त्यावरच्या फिक्सीला पुढचा ब्रेक लागतोच. चालवणाऱ्या तरुणाला दुसऱ्या वर्षी अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती घोडागाड्यांच्या जमान्यातल्या १८६१ च्या कायद्याखाली. म्हणूनच जपानहून आलेली केरिनची शिक्क्याची फ्रेम कुणी दाखवली आणि जीव हरखला, तरी आधी फोर्ककडे पाहा. ट्रॅकवर ब्रेक नसतो, त्यामुळे त्या फोर्कला ब्रेकचं भोकही नसतं. असली सुंदर वस्तू भिंतीवर टांगावी.

तयार फिक्सी घेताना एवढं सगळं करावं लागत नाही, आणि तोच तिचा मोठा गुण. खाच, रुंदी, चेनची रेघ हे कारखान्यात जमवलेलं असतं. बघायच्या गोष्टी थोड्या. हब फ्लिप-फ्लॉप आहे ना आणि फिक्स बाजूला लॉकरिंग खरोखर लावलं आहे ना. दुकानात सायकल फिट करणाऱ्या पोराने ते पिशवीतच ठेवलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही ब्रेक आहेत का. फ्रेम हाय-टेन पोलादाची असेल तर थोडी जड, क्रोमोलीची असेल तर हलकी आणि महाग. पहिल्या सायकलीला हाय-टेन चालतं. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीला टेकवून उभं राहता येतं का. एवढं पाहिलं की पहिले दोन महिने फ्रीव्हीलच्या बाजूने चालवा. मग एका रविवारी पंधराचा पाना घेऊन चाक काढा, उलटा, बसवा. नाही झेपलं तर पुन्हा उलटा. जुळवलेल्या सायकलीत हा माघारीचा रस्ता आपणच ठेवला तर असतो.

दोन महिन्यांनी फिक्स बाजूच आवडली, आणि हात शिवशिवू लागले, तर मग जरूर जुळवा. तेव्हा कुठल्या दात्यांवर गुडघे कुरकुरतात, हँडल किती रुंद हवं, हे अंगाला ठाऊक झालेलं असतं आणि पैसे त्याच वस्तूंवर जातात. माझी जुन्या बाजारातली फ्रेम आता खऱ्या ट्रॅक हबवर चालते. हिशेब कधीच जुळला नाही. वही बंद केली आहे.

फ्रीव्हीलची सवय फक्त एका बाबतीत शेवटपर्यंत जात नाही. चेन पुसताना आपण सायकल घोड्यावर लावतो, पेडलला एक फटका देतो आणि फिरत्या चेनवर फडकं धरतो. साध्या सायकलीत फडकं अडकलं की चेन थांबते, चाक एकटं फिरत राहतं. फिक्सीत चाकाचा सगळा जोर चेनमध्ये असतो. फडकं अडकलं की ती फडकं ओढते, आणि फडक्यामागून बोटं. काकांनी माझी सायकल पहिल्यांदा पुसायला घेतली तेव्हा मी ओरडलोच. आता ते चाक हाताने धरतात, बोटभर पुसतात, चाक हातानेच चार इंच सरकवतात, पुन्हा पुसतात. तोंडाने पुटपुटत असतात, पण चाक सोडत नाहीत.